अडीच गुंठे अद्रक

धुळाजीला ऊस कळत होता. उसाखेरीज ह्या माणसाला दुसरं काही कळत नाही, असं त्याची बायको जिवंत होती तेव्हा म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. तेलगावच्या एका बागाइतदाराकडं त्यानं बावीस वर्षं सालगडी म्हणून काढली. बेणं कुठं तोडायचं, डोळा कोणत्या अंगाला ठेवायचा, ओल्या सरीत कांडी टाचेनं किती दाबायची, हे त्याच्या पायांनाच पाठ होतं. पण आता ऊस होता कुठं? दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली आणि सिरसाळ्याच्या अंगाची त्याची वाडी टँकरच्या पाण्यावर आली. ज्यानं बावीस वर्षं ऊस लावला त्या धुळाजीचा पोरगा उत्तरेश्वर आणि सून सत्यभामा दर दसऱ्याला ट्रकात बसून सातारच्या अंगाला दुसऱ्याचा ऊस तोडायला जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या वहीत माणसं नसतात, कोयते असतात.

ते गेले की पुढचे सहा महिने घरात धुळाजी आणि एक म्हैस. भाकरी तो थापायचा, ती कडेला कच्ची राहायची, आणि खाताना तो म्हशीला सगळं सांगायचा. सहा महिने म्हशीशी बोलल्यावर माणसाशी बोलायला तोंड लवकर वळत नाही, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

त्या साली पाडवा झाल्यावर ट्रक आला. सत्यभामानं आधी दोन पोती उतरवून घेतली, मग भांडीकुंडी, आणि शेवटी ती स्वतः उतरली, कंबरेवर हात ठेवून, एकेक पाय जपत.

"गूळ हाय का?" धुळाजीनं पोतं चाचपून विचारलं.

"अद्रक हाय, मामा."

"दोन पोते? किती च्या प्यावा माणसानं?"

उत्तरेश्वर हसला. "बेणं हाय, बप्पा. लावायचं म्हणतीय तुमची सून."

मग सत्यभामानं सांगितलं. कारखाना मधून मधून बंद पडायचा, तेव्हा बाकीच्या बाया पाचटाच्या कोपीत पडून राहायच्या. ही शेजारच्या रानात अद्रक काढायला जायची. मजुरी न घेता तिनं बेणं मागितलं. त्या रानाच्या मालकीणबाईला सगळे आक्का म्हणत. आक्कानं तिला सोबत घेऊन वाफा दाखवला, डोळा दाखवला, सड दाखवली.

"आखितीच्या आसपास लावायचं," सत्यभामा म्हणाली. "लई झालं तर रोहिणीपस्तोर. मृगाच्या पुढं नेलं की कंद भरत न्हाई. आन् काढायचं थेट संक्रांतीला. इहिरीखालचे पाच गुंठे धरले तरी बास." तिनं पाठ भिंतीला टेकवली. "हे साधलं ना मामा, तर दसऱ्याला ट्रकात बसायचं न्हाई मला. कंबर राहिली न्हाई माझी. मोळी उचलताना डोळ्यापुढं अंधारी येती."

धुळाजीला असं बरं वाटलं, असं बरं वाटलं, की त्यानं उठून म्हशीला वैरण टाकली. तासापूर्वीच एकदा टाकली होती. दसऱ्यानंतरही ही दोघं घरात असणार, चुलीपुढं भांडणार, हे त्याला फार म्हणजे फारच गोड लागलं.

बेणं गोठ्याच्या सावलीत लिंबाच्या पाल्यावर पसरलं, वरनं आणखी पाला टाकला. आठ-दहा दिवसांनी सत्यभामाला भाचीच्या लग्नाला नांदूरघाटला जायचं झालं. उत्तरेश्वर शेततळ्याच्या कामावर जायचा तो दिवस मावळताना यायचा. तेव्हा बेण्याची राखण धुळाजीकडं आली.

"पाणी लागू देऊ नका, मामा," सत्यभामा पिशवी खांद्याला अडकवता अडकवता म्हणाली. "पाला वाळला तर बदला, बास. जपा तेवढं."

आता 'जपा' म्हटलं की धुळाजी जपणारच. दुपारी ऊन असं पडायचं की पत्र्याला हात लावायची सोय नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं पाला बाजूला करून बघितलं तर कंदांची साल सुरकुतलेली. उसाचं बेणं तोडून एक दिवस उन्हात कोरडं राहिलं की डोळा मेलाच. बावीस वर्षं त्यानं कांड्या भिजवल्या होत्या. पोरीला काय कळतंय, त्यानं मनाशी म्हटलं. सातारला हवा थंड, तिथलं तिथं. इथं बीडचं ऊन हाय.

टँकर एकाआड एक दिवस यायचा आणि घराला सहा घागरी मिळायच्या. धुळाजीनं अंघोळ बंद केली. आपल्या वाटणीची घागर त्यानं सकाळ-संध्याकाळ हातानं बेण्यावर शिंपडली, वरनं ओलं गोणपाट झाकलं, गोणपाट वाळलं की पुन्हा ओलं केलं. स्वतः तांब्याभर पाण्यात तोंड धुवायचा. चौथ्या दिवशी डोळे टच्च फुगलेले बघून त्याला इतका हुरूप आला की त्यानं म्हशीला सांगितलं, "बघ, आपल्याला बी कळतंय."

सहाव्या दिवशी गोठ्यात वास आला. त्याला वाटलं, घूस मेली असावी. कोपरे धुंडाळले, काही नाही. मग त्यानं गोणपाट उचललं आणि खालच्या थरात हात घातला. बोट कंदात शिरलं. मऊ, बुळबुळीत, आणि वास नाकात बसला तो जाईना.

त्याच दिवशी संध्याकाळी त्यानं उत्तरेश्वरला सांगितलं असतं तर पाऊण बेणं वाचलं असतं. पण धुळाजीची जीभ रेटली नाही. त्यानं सडलेले चार-दोन ओंजळी कंद उकिरड्यात पुरले, चांगले वर आणले आणि गोणपाट पुन्हा झाकून टाकलं. उद्या वारं लागंल, सुकंल, असं स्वतःला समजावलं. दोन दिवस तो असाच समजावत राहिला. आणि झाकलेल्या ढिगात सड आपली शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडं जात राहिली.

आठव्या दिवशी सत्यभामा आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच ती दारात थांबली. नाकाला पदर लावून गोठ्यात गेली, गोणपाट ओढलं आणि बघतच राहिली.

"मामा, पाणी मारलंत का?"

"उन्हानं सुरकुतलं व्हतं..."

"वास कवापसनं येतोय?"

धुळाजीनं खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण तिचा चेहरा बघून तो खरं तेच बोलला. "परवापसनं."

"परवापसनं," सत्यभामा म्हणाली. "आन् तुमी झाकून ठिवलं."

ती तशी तोंडाची फाटकी. फडात मुकादमालासुद्धा भीक घालत नसे. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर म्हातारा हलका झाला असता. पण ती खाली बसली आणि एकेक कंद उचलून अंगठ्यानं दाबून बघायला लागली. घट्ट असला की उजवीकडं, मऊ असला की डावीकडं. काही असे निघाले की ठरवता येईना. ते घेऊन तिनं आक्काला फोन लावला.

"शंका आली की टाकून दे, बाई," फोनमधून आक्का म्हणाली. "एक सडका कंद वाफा खातो. घट्ट तेवढंच लाव. औषधाच्या पाण्यात बुडव, सावलीत सुकव, आणि पुन्हा पाण्याच्या वाऱ्याला उभं करू नको."

शंकेचे सगळे डावीकडं गेले. उजवीकडं एक पोतंसुद्धा पुरतं भरलं नाही.

उत्तरेश्वर कामावरून आला, त्यानं ढीग बघितले, बापाकडं बघितलं, आणि हातपाय धुवायला गेला. जाता जाता म्हणाला, "जाऊ दे आता. दसरा कुठं पळून चाललाय?"

त्या एका वाक्यानं धुळाजीला जेवण गेलं नाही.

पुढचं कोडं पाण्याचं. विहीर सात घरांची सामाईक होती. सात घरांनी मिळून पाणी संस्था केली होती, रीतसर नोंदवलेली, शिक्का असलेली, आणि अध्यक्ष होती छबुबाई. तिची मोसंबीची बाग आदल्या साली उभी वाळून गेली तेव्हा तिनं ती स्वतःच्या हातानं तोडली, आणि दुसऱ्या दिवशी संस्थेची बैठक घेतली. अशा बाईपुढं नियम वाकत नाहीत. नियम एवढाच होता, पाऊस पडेपर्यंत विहिरीतलं पाणी फक्त जनावरांना.

सत्यभामा बैठकीला निघाली तेव्हा धुळाजी उठला. "मी येतो. मी मागतो."

"तुमी?"

"माझ्या हातानं गेलंय. मला मागू दे."

लिंबाखाली सात घरची माणसं बसली होती. बाईमाणसापुढं उभं राहून काही मागायची धुळाजीला उभ्या जन्मात सवय नव्हती. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली.

"दर चौथ्या दिवशी अर्धा तास मोटर पाहिजी," तो म्हणाला. "अडीच गुंठ्याला. पाऊस पडेस्तोवर."

"पाच गुंठे म्हणत व्हती की सत्यभामा," छबुबाई म्हणाली.

"निम्मं बेणं सडलं."

"कसं सडलं?"

तिला ठाऊक होतं. वाडीत वास लपतो का? पण ती विचारून थांबली, आणि सगळे त्याच्या तोंडाकडं बघायला लागले.

"म्या पाणी मारलं," धुळाजी म्हणाला. "उसावानी भिजवलं. टँकरचं, प्यायचं पाणी. आन् वास आला तरी दोन दिस सांगितलं न्हाई."

कुणीतरी मागं हसलं. "अंघोळ न करता अद्रकीला घातली म्हणा की अंघोळ," एक गडी बोलला, आणि मग चार-पाच जण हसले. धुळाजी खाली बघत उभा राहिला. त्याच्या पायाचा अंगठा माती उकरत होता, तो त्यालाच थांबवता येईना.

छबुबाई मात्र हसली नाही. "बसा दादा," ती म्हणाली. मग बाकीच्यांकडं वळली. "मोसंबीला पाणी कमी पडलं हे मी पंधरा दिस कुणाला बोलले न्हाई. लाज वाटत व्हती. बोलले असते तर निम्मी झाडं राहिली असती. ह्यांनी निदान आज सांगितलं." तिनं हिशोब बोटांवर घातला, कुणाच्या म्हशीला किती, कुणाच्या बैलाला किती. "सातही घरांनी दर चौथ्या दिवशी जनावरामागं एकेक बादली सोडायची. माझ्या बागेच्या ठिबकच्या नळ्या पडल्यात, त्या न्या. पण एक बोली हाय, सत्यभामा. साधलं तर पुढल्या साली सात घराला बेणं द्यायचं आन् लावायचं कसं ते शिकवायचं."

"इमानानं," सत्यभामा म्हणाली.

लागवडीला आखिती उलटून आठवडा झाला होता. सत्यभामानं वाफे आखले, रुंद आणि गुडघ्याच्या खालपर्यंत उंच. शेणखत मिसळताना तिनं दर दोन पाट्यांनी कंबर सरळ केली, पण खोरं खाली ठेवलं नाही. धुळाजीला ते उंच वाफे बघून राहवेना.

"एवढा उंच? पाणी थांबायचं कसं मंग?"

"थांबू नये म्हणूनच की, मामा."

ती वीतभर अंतरानं खड्डे करत पुढं चालली, प्रत्येकात दोन-तीन डोळ्यांचा तुकडा, डोळा आभाळाकडं. चार बोटं माती वर. धुळाजी मागनं माती लोटत होता. पहिल्याच तुकड्यावर माती पडली आणि त्याचा पाय आपोआप उचलला गेला, टाच खाली आली.

"मामा, टाच नको. डोळा मोडतोय."

पाय हवेत राहिला. साठ वर्षांचा पाय, त्याला कोण समजावणार? शेवटी धुळाजीनं गुडघे टेकले आणि पाची वाफे रांगत रांगत, हातानं माती लोटत पुरे केले. गुडघ्यांची सालटी निघाली. वरनं लिंबाचा आणि शेवरीचा पाला पसरला, कडेनं सावलीसाठी एरंड टोबला. छबुबाईच्या नळ्यांतून थेंब थेंब पाणी सुटलं. सात घरची जनावरं त्या दिवशी एकेक बादली कमी प्याली. धुळाजीनं आपल्या म्हशीची बादली सगळ्यांत आधी सोडली आणि दिवसभर तिच्या नजरेला नजर दिली नाही.

मग वाट बघणं आलं. आठ दिवस, पंधरा दिवस, काही नाही. उन्हाळा संपेना. चौथ्या दिवशी मोटर चालू व्हायची तेव्हा येणारी-जाणारी माणसं बांधावर थांबून विचारायची, "काय धुळाजीबप्पा, कवाशिक च्या पाजता?" धुळाजी रोज सकाळी वाफ्याशी जाऊन उकिडवा बसायचा. एकदा तर बोटानं माती उकरायला हात पुढं केला, आणि स्वतःच तो दुसऱ्या हातानं धरला.

बाविसाव्या दिवशी पाला जरा उचललेला दिसला. खाली बोटाच्या पेराएवढा कोंब, टोकदार, हिरवा. पलीकडं आणखी एक. तो घाईनं उठला, पायाला मुंग्या आलेल्या, बांधावर आपटला, तसाच उठून घराकडं निघाला. सत्यभामा पाट्यावर मिरची वाटत होती.

"आलं," तो म्हणाला.

"काय आलं?"

"उगवून आलं."

मिरचीचे हात तसेच घेऊन ती पळाली. कंबर दुखते हे विसरून पळाली. धुळाजीला बऱ्याच दिवसांनी असं मोकळं मोकळं वाटलं.

मृग कोरडा गेला, पण आर्द्रा लागल्यावर पाऊस आला आणि मोटरीची गरज उरली नाही. संस्थेनं बादल्या परत सुरू केल्या. अद्रक गुडघ्याला लागली. श्रावणात सत्यभामानं नवंच काम काढलं. प्रत्येक झाडाच्या एका अंगाची माती बोटांनी हळूच काढायची, मूळ लावलेला जुना तुकडा हाताला लागला की झाडाला धक्का न देता तो तोडून घ्यायचा, माती परत सारायची. झाड आता स्वतःच्या मुळांवर उभं असतं, त्याला जुन्याची गरज नसते, आणि बाजारात तेव्हा जुन्या अद्रकीला मान असतो. उत्तरेश्वरनं चार झाडं केली, त्यांतलं एक उपटून आलं. धुळाजी मात्र मातीला कान लावल्यासारखा वाकून बसला आणि दोन दिवसांत तीन वाफे करून मोकळा झाला. एक पान हललं नाही.

"मामांचा हात हलका हाय," सत्यभामा नवऱ्याला म्हणाली. धुळाजीला ते ऐकू गेलं. ऐकू गेलं नाही असं दाखवून तो काम करत राहिला.

सिरसाळ्याच्या बाजारात जुनी अद्रक हातोहात गेली. तेल, मीठ, म्हशीला पेंड आणि सत्यभामाच्या कंबरेला पट्टा एवढं त्यातनं आलं. पण हे काही घर चालणं नव्हे. खरा माल जमिनीत होता आणि संक्रांत लांब होती. आणि मुकादम संक्रांतीपर्यंत थांबत नाही.

पितृपाठात मुकादम गहिनीनाथ येऊन गेला. "नाव लिवू का, उत्तरेश्वर?" उत्तरेश्वरनं बायकोकडं बघितलं. ती म्हणाली, "घटस्थापना होऊन जाऊ द्या. मंग सांगतो."

"अडीच गुंठ्यावर घर चालतंय व्हय बे?" गहिनीनाथ उत्तरेश्वरला म्हणाला. "हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नको." माणूस वाईट नव्हता. त्याला कोयते भरायचे होते.

तो गेला आणि घट बसले तसा पाऊस लागला. दोन वर्षं तोंड न दाखवणाऱ्यानं सगळी बाकी एकदम चुकवायची ठरवली. हस्ताच्या त्या पावसात विहीर काठोकाठ भरली, बांध फुटले, खालच्या रानांत कापूस पाण्यात उभा राहिला. दुष्काळातनं वाचलं ते पुरानं न्यायचं, असंच ते दिवस होते. अद्रकीचे वाफे उंच होते म्हणून पाणी मधल्या पाटात उतरलं, पण पाटातलं जाणार कुठं? खालच्या बांधाला ते तुंबलं. हे सर्वांत आधी धुळाजीनं बघितलं. त्यानं डोक्यावर पोत्याची खोळ घेतली, फावडं उचललं आणि बांध फोडला. चर खणला तो ओढ्यापर्यंत. दर दोन तासांनी चर गाळानं भरायचा, हा पुन्हा उपसायचा. उत्तरेश्वर हाताखाली आला, पण चराचा उतार कुठून धरायचा ते म्हाताऱ्याला विचारत होता. बावीस वर्षं पाणी आत घेतलं होतं धुळाजीनं, आता तेच उलटं बाहेर काढायचं होतं. तीन दिवस त्याची बोटं पाण्यानं पांढरी पडून सुरकुतली होती.

चौथ्या दिवशी सकाळी ऊन पडलं. गहिनीनाथची मोटरसायकल चिखल उडवत वाडीत शिरली तेव्हा धुळाजी रानातच होता.

वाफे हिरवेगार उभे होते. खालच्या कोपऱ्यात मात्र काही पानं पिवळी दिसली. त्यानं एका झाडाला हात लावला. खोड नुसतं हातात आलं. बोटांनी कंद उकरला आणि तो वास पुन्हा नाकात शिरला.

तो बांधावर उभा राहिला, हातात सडलेला गड्डा घेऊन. घर दिसत होतं. ओट्यावर मुकादम बसलेला, पुढं उत्तरेश्वर, दाराशी सत्यभामा. मागं ओढा होता. हात मागं नेऊन सोडला असता तर गड्डा वाहून गेला असता आणि कुणाला कळलं नसतं. निदान आज तरी कळलं नसतं. आज कळलं तर पोरं ट्रकात बसतील, आणि मग पुन्हा तो, म्हैस आणि कच्च्या कडांची भाकरी. धुळाजीला मनापासून वाटलं की फेकावा. त्यानं तो मुठीत इतका दाबला की पाणी मनगटावर ओघळलं.

मग तो पुन्हा वाफ्यांकडं वळला. एकेका वाफ्यात पाच-सहा ठिकाणी माती सारून त्यानं कंद अंगठ्यानं दाबून बघितले, वास घेतला, माती परत सारली. पाचही वाफे बघून झाले तेव्हा ऊन वर आलं होतं. पिवळी झाडं मोजून तो घराकडं निघाला.

ओट्यावर गहिनीनाथ म्हणत होता, "आता पावसानं काय ठिवलं असंल? बोल, लिवू का?" आणि उत्तरेश्वर अर्धामुर्धा तयार झालेला दिसत होता.

धुळाजीनं सडलेला गड्डा सगळ्यांच्या मधोमध ओट्यावर ठेवला. वास पसरला.

"घ्या," गहिनीनाथ म्हणाला. "म्हाताऱ्यानं सोताच आणून दिलं."

सत्यभामाचा चेहरा उतरला. पण ती गड्ड्याकडं बघत नव्हती, सासऱ्याकडं बघत होती. "किती, मामा?"

"बावीस झाडं. खालच्या कोपऱ्यातली. चराच्या तोंडाशी पाणी थांबलतं, तिथली."

"आन् बाकीचं?"

"पाची वाफे दाबून आलो." धुळाजीनं चिखलाचा तळहात पुढं धरला. "घट्ट हाय. गड्डा माझ्या तळहातात मावंना, आन् अजून तीन महिने फुगंल. सात घराचं बेणं निघून वर इकायला ऱ्हाईल. पाच गुंठ्याचं आलं असतं तेवढं येणार न्हाई. ते माझ्यामुळं गेलं. पण हाय ते खरं हाय."

मग सत्यभामा मुकादमाला म्हणाली, "गहिनीनाथभाऊ, आमचं नाव लिवू नका."

"अगं, जरा थांब," उत्तरेश्वर म्हणाला. "आधी रानात जाऊन बघून तर ये."

"कशापायी? मामांनी बघितलंय की."

तिनं हे अगदी सहज म्हटलं, चुलीवर दूध आहे म्हणावं तसं. धुळाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. चिखलाच्या हातानं पुसायची सोय नव्हती, म्हणून त्यानं ते तसंच येऊ दिलं. उत्तरेश्वरनं बापाकडं बघितलं, मग मुकादमाकडं, आणि बायकोच्या बोलण्याला मान डोलावली. गहिनीनाथनं वही मिटून खिशात घातली. "पुढल्या साली मला बी दोन किलो बेणं ठिवा मंग," असं म्हणून तो पुढच्या घराकडं गेला.

सत्यभामानं पदर खोचला, सडलेला गड्डा पानांना धरून उचलला.

"ही बावीस झाडं काय करायची, मामा? जाळायची का पुरायची?"

"उपटून लांब न्यायची, ओढ्याच्या पल्याड. खड्डा करून पुरायची, आन् जागेवर चुना टाकायचा," धुळाजी म्हणाला. त्यानं फावडं खांद्यावर घेतलं. "चल. दाखवतो."